शुहेच्या झाडाची कळी

सोंगज्वांग गावात वसंतात भेटलं की कुणी कुणाला ‘बरं आहे ना?’ असं विचारत नाही. ‘कळ्या कशा आहेत?’ असं विचारतात. घरटी अंगण आणि अंगणभर मुदानची झुडपं. कमरेएवढी वाढतात आणि वर्षातून एकदाच फुलतात, पण फूल असं की दोन्ही हातांच्या ओंजळीत मावणार नाही. त्या झुडपांपुढे माणसाला काय किंमत! नवरा तापाने फणफणला तर दोन दिवस वाट बघतील, पण पानावर काळा ठिपका दिसला की सगळी गल्ली कामं टाकून गोळा होईल. च्याओयुन याच गावात जन्मली, याच गावात तिचं लग्न झालं आणि याच गावात ती आधी नवऱ्याच्या आणि मग मुलाच्या मागे उरली. तेव्हा तिचंही काही वेगळं नव्हतं.

या वर्षी मात्र सगळ्या अंगणात तिचं लक्ष एकाच कळीवर होतं. हातपंपाजवळच्या कोपऱ्यात, भिंतीच्या आडोशाला, शुहेचं झाड उभं होतं आणि त्याला पहिल्यांदाच कळी धरली होती.

शुहे तिचा एकुलता एक मुलगा. दक्षिणेला बुटांच्या कारखान्यात कामाला गेला आणि येताना बायको घेऊन आला. रुइफेन. पार तिकडे युन्नानच्या डोंगरातली. शेजारच्या हान काकींनी पहिल्याच दिवशी दारात उभं राहून विचारलं होतं, “एवढ्या लांबून आणलीस? वाटेतल्या पोरी संपल्या होत्या का रे?” सून काळीसावळी, कमी बोलणारी, जेवणात तिखट फार घालणारी. तिचं बोलणं अर्धं कळायचं नाही. पण शुहे तिच्याकडे बघून हसायचा, आणि तेवढ्यावर च्याओयुनने ती आपली मानली.

लग्नानंतर एकदा शुहे सासुरवाडीला गेला. तिथल्या डोंगरउतारावर त्याला रानटी मुदान दिसली. फुलं इवलीशी, माना टाकलेली, पानाआड लपलेली. असलं झुडूप सोंगज्वांगमध्ये कुणी कुंपणालासुद्धा लावणार नाही. पण रंग पिवळा. खरा पिवळा. या गावात पिढ्यान्पिढ्या पांढऱ्या, गुलाबी, लाल, जांभळ्या मुदानी फुलवल्या. पिवळ्या म्हणून मिरवणाऱ्या एकदोन होत्या त्याही उमलल्यावर दोन दिवसांत पांढऱ्याफटक पडायच्या. शुहेने त्या रानफुलांचे पराग कागदाच्या पुडीत बांधून आणले आणि घरच्या फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीत ओल शोषायला चुनकळी घालून त्यावर ती पुडी ठेवली. तिकडची मुदान इकडच्यापेक्षा उशिरा फुलते, त्यामुळे पुढचा वसंत येईपर्यंत वर्षभर ती बरणी फ्रिजमध्ये होती.

“लोक सासुरवाडीहून मध आणतात, अळंबी आणतात,” च्याओयुन म्हणाली होती. “माझा लेक धूळ घेऊन आला. वर माझी लोणच्याची बरणी गेली ती गेलीच.”

“आई, या धुळीतून काय निघतं ते बघ तू.”

पुढच्या वसंतात त्याने एका पांढऱ्या मुदानची कळी उमलायच्या आधीच हाताने उघडली, आतले पुंकेसर एकेक करून चिमट्याने काढून टाकले आणि तिच्यावर कागदाची पिशवी बांधली. मधला भाग चिकट झाल्यावर पिशवी सोडून ब्रशने तो पिवळा पराग लावला. पाठीवर तान्ही लेक दोउदोउ बांधून रुइफेन पिशवी धरून उभी होती. दोघं अशी कुजबुजत होती जशी काही चोरीच करत होती. शेंग धरली, पण दाणे भरले तीनच. शुहेने ते पेरले. त्याच हिवाळ्यात फुलांची रोपं घेऊन तो ज्या ट्रकमधून निघाला होता तो बर्फावरून घसरला आणि शुहे घरी आला तो कापडात गुंडाळलेला. पुढच्या वसंतात तीन दाण्यांतला एक उगवला.

तेव्हापासून ते रोप सासूसुनेने तळहाताच्या फोडासारखं जपलं. मुदान बियांपासून केली की फूल यायला वर्षं लागतात, आणि ते कसं येईल ते देवसुद्धा सांगू शकत नाही. गावात पैजा लागल्या होत्या. हान काकी म्हणायच्या, “मळकट गुलाबी येणार. संकर म्हणजे बहुधा मळकटच.” च्याओयुन ऐकून घ्यायची आणि पानं पुसत राहायची. मुलगा गेल्यावर ती फार रडली नव्हती. रडायला बसलं की उठताच येणार नाही अशी तिला भीती होती. पण या फुलाकडे मात्र ती डोळे लावून बसली होती. शुहेने मनात धरलेलं एकच काम अर्धवट राहिलं होतं आणि ते या झाडात होतं. ते फूल एकदा डोळ्यांनी बघितलं की आपण मोकळ्या होऊ, असं तिला वाटायचं. झाड दिसायला अजून काटकीच होतं, पण या वर्षी त्याच्या टोकाला अक्रोडाएवढी घट्ट हिरवी कळी बसली होती.

आणि याच वसंतात रुइफेनने सांगितलं की ती लग्न करते आहे.

माणूस जीनान शहरातला, विधुर, नूडल्सचं दुकान चालवणारा. वाईट नव्हता. च्याओयुनने स्वतःच म्हटलं होतं, “कर. तू काय जन्मभर माझी भांडी घासणार आहेस?” पण हे म्हणणं वेगळं आणि सहा वर्षांच्या दोउदोउचे कपडे पिशवीत भरले जाताना बघणं वेगळं.

एका संध्याकाळी मुळे निवडता निवडता रुइफेन म्हणाली, “आई, मला एक हवंय.”

“घे की. कपाटातली निळी भांडी घे. मला एकटीला कशाला एवढी?”

“भांडी नकोत. शुहेचं झाड हवंय.”

च्याओयुनचा हात थांबला. पण मागणं खोटं नव्हतं हे तिला कळत होतं. अर्धं झाड त्या पोरीच्याच डोंगरातलं होतं.

“शरदात ये,” ती म्हणाली. “दिवसरात्र सारखी झाली की ये. मी स्वतः काढून देते.”

“शरदात?”

“हो. दोउदोउलाही घेऊन ये.”

रुइफेनने मुळे उचलले आणि ती आत गेली.

आता सोंगज्वांगमधलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की मुदानला शरदात हात लावायचा, वसंतात नाही. शरदात तिचं मूळ जागं असतं, नव्या जागेत बोटं पसरतं. वसंतात सगळा जीव वर पानांत आणि कळीत चढलेला असतो. तेव्हा उपटली तर ती जगत नाही, जगली तरी वर्षानुवर्षं रुसून बसते. दारू पिऊन तर्र झालेला माणूससुद्धा इथे वसंतात मुदानच्या बुडाशी फावडं घालत नाही. हे इतकं साधं होतं की समजावून सांगावं असं च्याओयुनच्या मनातही आलं नाही. पाणी ओलं असतं हे कुणी सांगतं का?

पण रुइफेन या गावची नव्हती. पाच वर्षं तिने पानं पुसली, गवत काढलं, सांगितलं ते केलं, पण झाड हलवायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. शिवाय ‘पुढे बघू’ हे तिने या घरात फार ऐकलं होतं. माहेरी जाऊन येऊ का? पुढच्या वर्षी जा. दोउदोउला तालुक्याच्या शाळेत घालू का? बघू पुढे. तिची आई अंथरुणाला खिळली तेव्हाही फुलांचा हंगाम उरकल्यावर जा असंच ठरलं होतं, आणि हंगाम उरकायच्या आधीच आई गेली. तेव्हा ‘शरदात ये’ म्हणजे वाटाण्याच्या अक्षता, हे तिने ओळखलं. म्हणजे तिला वाटलं की ओळखलं.

आणि खोटं कशाला बोला, च्याओयुनच्या मनात तरी सगळं निखळ होतं का? शरदात झाडासाठी का होईना, दोउदोउ परत या दारात येईल, ही गोष्ट तिने आत कुठेतरी गोळीसारखी चघळत ठेवली होती. समजावून न सांगण्यात तोही एक भाग होता.

जायच्या दिवशी च्याओयुन सकाळीच बाजारात गेली. घरातून निघणाऱ्याला मोमो खाऊ घातल्याशिवाय पाठवत नाहीत. तिने कोवळी लसणीची पात घेतली, मांस घेतलं, दोउदोउला आवडतात म्हणून तिळाच्या भाकऱ्या घेतल्या. बस दुपारची होती, वेळ होता. परत आली तर दार उघडं, पिशव्या गायब आणि हातपंपाजवळच्या कोपऱ्यात एक खड्डा. काठाला माती विस्कटलेली, त्यात तुटलेल्या मुळाचा गाजराएवढा जाड पांढरा तुकडा.

हान काकी भिंतीवरून डोकावल्या. “अगं, ती आधीच्या बसने जाते म्हणाली. मला वाटलं तुला ठाऊक आहे. पोरीच्या हातात बादली होती. बादलीत काय गं ते...” मग त्यांना खड्डा दिसला. “अग्गोबाई! कळीसकट?”

च्याओयुनने बाजाराची पिशवी तिथेच टाकली आणि तीनचाकी गाडी बाहेर काढली. वाटभर ती स्वतःशीच बडबडत होती. “गाढव. मीच गाढव. तोंड उघडून सांगायला काय झालं होतं तुला?”

बसस्थानकात रुइफेन रांगेत उभी होती. शेजारी दोउदोउ, आणि तिच्या पायाशी रंगाची रिकामी बादली. त्यात शुहेचं झाड.

सासूला बघताच रुइफेन बादलीपुढे सरकली. “मी फोन करून सांगणार होते, आई.”

“कशाने काढलंस?”

“काय?”

“कशाने काढलंस म्हणते मी!”

“कोळशाच्या फावड्याने.”

च्याओयुन खाली बसली. मुळांवरची माती सगळी झडली होती. जाडी मुळं मध्येच मोडलेली, बारीक मुळं तर वर आलीच नव्हती. पानं आत्ताच लोंबायला लागली होती. फक्त कळी ताठ होती, कारण कळी शेवटपर्यंत ताठच राहते, खालचं सगळं पिऊन.

“परत देणार नाही मी,” रुइफेन म्हणाली. “तुमच्या मुलाचं आहे, तसं माझ्या नवऱ्याचंही आहे. ती बरणी आठवते का? तो पराग माझ्या आईच्या घरामागचा आहे. माझं तिथलं आता दुसरं काहीही उरलेलं नाही.”

“परत मागायला नाही आले मी.”

आणि ते खरं होतं. परत नेऊन उपयोग नव्हता. ज्या मातीतून उपटलं तिथे पुन्हा लावलं तरी मोडलेली मुळं जोडली जात नाहीत. च्याओयुनला एका नजरेत सगळा हिशेब दिसत होता. कळी ठेवली तर आठ-दहा दिवसांत जीनानच्या कुठल्यातरी खिडकीत ती कदाचित उमलेल, रुइफेन बघेल, फोटो पाठवेल, रंग कळेल. आणि झाड त्याच फुलासाठी होतं नव्हतं ते खर्च करून वाळून जाईल. कळी आत्ता खुडली, अर्धी पानं उतरवली, तर मुळांवरचा भार हलका होईल. मग झाड जगायची आशा होती. थोडीच, पण होती. फूल मग कधी येईल, कुणाच्या अंगणात येईल, आपण तोवर असू का, ते कुणी सांगावं.

तिला ते फूल हवं होतं. या जगात दुसरं काहीच नको, इतकं हवं होतं. तिने कळीभोवती तळहात धरला. कळी थंडगार होती.

मग अंगठ्याच्या नखाने तिने ती देठातून खुडली.

दोउदोउ किंचाळली. च्याओयुन थांबली नाही. हंगामात शेकडो वेळा करावं तसं तिचे हात आपोआप चालले, एक पान ठेव, एक काढ. आधी हात चालवायचे आणि मग बोलायचं, ही या गावातल्या बायांची जुनी खोड. रुइफेनने बादली हिसकून घेतली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मला मिळू नये म्हणून?” ती म्हणाली. “तुम्हाला बघायला मिळणार नाही, तर मलाही मिळू नये म्हणून?”

“नाही गं, ऐक... झाडाला...”

“पाच वर्षं! तुमच्या मुलाच्या मागे पाच वर्षं मी तुमच्या घरात राहिले. लोक म्हणायचे, सासू साधी आहे. साधी! दोउदोउ, चल. बघू नको मागे.”

कंडक्टर ओरडत होता. मागची माणसं पुढे ढकलत होती, दोनतीन जण तमाशा बघत उभे राहिले होते. च्याओयुन त्यांच्यातून वाट काढत पुढे पोचली तोवर दोघी वर चढल्या होत्या. ती खिडकीवर थापा मारत बसबरोबर धावली. “सावलीत लाव! खोल लाव! पाणी थोडं घाल! पानं गेली तरी टाकू नको, पुढच्या वसंतापर्यंत टाकू नको!” खिडकी बंद होती. काचेमागे दोउदोउचं लाल झालेलं नाक दिसत होतं. आईने तिचे कान दोन्ही हातांनी दाबून धरले होते.

घरी येऊन च्याओयुन पायरीवर बसली. मूठ उघडली. कळी तिथेच होती, थोडी चेंगरलेली. तिने बाहेरची हिरवी सालं सोलली, मग आतल्या पाकळ्या एकेक करून उलगडल्या. ओल्या, चुरगळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. रंग अजून चढलाच नव्हता. कोबीच्या आतल्या पानासारख्या फिकट, सगळ्या सारख्या. पार मधोमध पोचेपर्यंत ती सोलत राहिली. मग मात्र ती रडली. शुहे गेल्यापासूनचं सगळं रडली. हान काकी भिंतीपलीकडून आल्या, शेजारी बसल्या आणि बाजाराच्या पिशवीतलं मांस माशा बसू नयेत म्हणून आत ठेवून आल्या.

त्यानंतर गावात मुदान फुलली. दरवर्षीसारखी माणसं मोटारी भरभरून बघायला आली. च्याओयुन सुनेला फोन करायची. फोन लागायचा नाही. रुइफेनने तिचा नंबर ब्लॉक करून ठेवला होता. हान काकींच्या फोनवरून लावला तर आवाज ऐकताच तिने बंद केला. पत्ता कुणालाच माहीत नव्हता. तरी च्याओयुनने आशा सोडली नव्हती. पानं झडली तरी मुदानची काटकी आत जिवंत असते, वर्षभर मेल्याचं सोंग करते आणि मग एखाद्या वसंतात बुडातून फुटते, हे तिने पाहिलं होतं. शरदापर्यंत सुनेचा राग निवळेल. मग सांगू सगळं.

फुलांचा बहर ओसरला, पाकळ्या झाडून झाल्या, आणि एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला.

“आजी?”

“दोउदोउ! अगं माझी सोनुली! जेवलीस का? कुणाचा फोन आहे हा?”

“दुकानवाल्या काकांचा. आजी, झाड मेलं.”

“मेलं?”

“सगळी पानं पडली. नुसती काठी राहिली. मग आईने ते कचऱ्याच्या गाडीत टाकलं. काल. पण आजी, मी नखाने खरवडून बघितलं होतं, तर आत हिरवं होतं. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, पानं नाहीत म्हणजे मेलेलंच.”

पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

“आजी, आई म्हणतेय विचार म्हणून. तू कळी का तोडलीस?”

उत्तर तिच्या ओठांवर होतं. किती दिवस ती ते घोकत होती. झाड जगावं म्हणून तोडली, बाळा. आणि ते जगलंही होतं. कालपर्यंत जगलं होतं. एवढं म्हटलं की ती सुटणार होती, आणि तिकडे फोनला कान लावून उभी असलेली ती दुसरी पोर शुहेचं जिवंत झाड आपल्या हातांनी कचऱ्यात टाकल्याचं ओझं जन्मभर उचलणार होती.

“दोउदोउ,” ती म्हणाली, “आत हिरवं दिसतं कधीकधी. पण मेलेलंच असतं ते. आईने टाकलं ते बरोबर केलं. काय? सांग तिला.”

“आणि कळी?”

“कळी होय. रागाने तोडली गं. तुम्ही निघालात ना, मला फार राग आला होता.”

पलीकडे भांडी पुन्हा वाजायला लागली. मग दोउदोउने हळूच म्हटलं, “आजी, आई म्हणते ठेव आता,” आणि फोन बंद झाला.